सापडणाऱ्याचे नाव

वडशाजवळून वाहणारी वैनगंगा पुढे चपराळ्यापाशी वर्धेला मिळते आणि तेथून प्राणहिता हे नाव धारण करून सिरोंचाकडे जाते. भूगोलाच्या तासाला हे वाक्य आपण सर्वांनीच पाठ केलेले आहे. परंतु ही नदी ज्या खडकांना कापत जाते, त्या खडकांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवांची हाडे दडलेली आहेत, हे आम्हांला शाळा सोडल्यानंतर पुष्कळ वर्षांनी कळले. तोपर्यंत त्यातला एक तुकडा आमच्या हातून गेलेलाही होता.

आम्ही वसतिगृहात असताना सिरोंचा तालुक्यातून आलेल्या आमच्या एका सोबत्याने दिवाळीच्या सुटीवरून परतताना एक जड दगड आणला. दिसायला तो थेट लाकडासारखा होता; त्यावर सालीच्या रेषा होत्या, एक गाठही होती. आम्ही सर्वांनी तो हाताळला, हसलो, आणि वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराशी ठेवून दिला. पुढे एका उन्हाळ्यात खोल्यांना चुना लावला गेला, तेव्हा तो कुठे गेला ते कोणी पाहिले नाही. तो कोणत्या नाल्यात सापडला, हे आम्ही त्या मित्राला कधी विचारलेच नाही. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे अशाच अश्मीभूत वृक्षांसाठी वनविभागाने जीवाश्म उद्यान केले आहे, हे नंतर वाचले तेव्हा आमच्या त्या दाराची आठवण झाली. चूक आमचीच होती, आणि म्हणूनच या विषयावर लिहिण्याचा अधिकार आम्हांला आहे असे वाटते.

जीवाश्मांच्या इतिहासात सापडणारा एक आणि नाव मिळवणारा दुसरा, असे वारंवार घडले आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रीजिस या गावी मेरी ॲनिंग नावाची मुलगी होती. वडील सुतारकाम करीत आणि कड्यातून निखळलेले शंखशिंपले प्रवाशांना विकत. 1810 साली ते वारले, मागे कर्ज राहिले. 1811 मध्ये मेरीच्या भावाला, जोसेफला, एका मोठ्या प्राण्याची कवटी सापडली; पुढील वर्षी मेरीने उरलेला सांगाडा शोधून काढला. तो इक्थियोसॉर या समुद्री सरीसृपाचा होता. 1823 मध्ये तिने लांब मानेच्या प्लेसिओसॉरचा पूर्ण सांगाडा बाहेर काढला. विद्वानांनी या प्राण्यांवर निबंध लिहिले, सभांमध्ये ते वाचले. पण 1824 साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेत प्लेसिओसॉरचे वर्णन झाले तेव्हा तिचा उल्लेखही झाला नाही. त्या संस्थेने स्त्रियांना सभासदत्व दिले ते 1919 मध्ये. मेरी 1847 सालीच निवर्तली होती. ती गरीब होती, स्त्री होती, आणि तिचे कुटुंब प्रस्थापित चर्चबाहेरच्या पंथाचे होते. ज्ञानाच्या दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या खोऱ्याकडे येऊ. समुद्री सरीसृपांचे अवशेष आपल्या देशातही मिळाले आहेत. कच्छमधील लोडाई येथील सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या इक्थियोसॉरचे वर्णन 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या भागात मात्र सापडतात ते मुख्यतः नद्यांचे आणि तळ्यांचे रहिवासी. त्यांचा शोध घेणाऱ्या आरंभीच्या मंडळींत स्टीफन हिस्लॉप हे नाव अग्रभागी आहे. हे स्कॉटिश मिशनरी 1845 साली नागपुरास आले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय तेथे आजही आहे. त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूरच्या दक्षिणेकडील मांगलीच्या वालुकाश्मातून मिळालेली एक रुंद कवटी लंडनला पाठविली. रिचर्ड ओवेन यांनी 1855 मध्ये तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. तो एक प्राचीन उभयचर होता. प्राणहितेच्या काठच्या कोटा गावचे मासे आणि नदीपलीकडील, आता तेलंगणात असलेल्या मालेरीची हाडे, यांवरही हिस्लॉप यांचे लक्ष होते. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात त्यांचा अंत झाला.

मालेरीच्या एका जलचर सरीसृपाला रिचर्ड लायडेकर यांनी 1885 मध्ये पॅरासुकस हिस्लॉपी हे नाव दिले. हा प्राणी सुमारे बावीस-तेवीस कोटी वर्षांपूर्वीचा. दिसायला मगरीसारखा, परंतु मगर नव्हे. मगरीच्या नाकपुड्या जबड्याच्या टोकाला असतात, याच्या डोळ्यांजवळ होत्या. मात्र ज्या हाडांवरून हे नाव दिले गेले, त्यांत दुसऱ्याच एका सरीसृपाची हाडे मिसळलेली निघाली. पुढे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील शंकर चॅटर्जी यांनी अखंड सांगाड्यांच्या आधारे तो गुंता सोडविला. तेथे एकत्र मिळालेल्या दोन सांगाड्यांच्या पोटाच्या जागी लहान सरीसृपांचे सांगाडेही होते. त्या प्राण्यांचे ते शेवटचे भक्ष्य. हाडे जागेवरून न हलविता, कोणते हाड कशाला लागून आहे हे नोंदवून ती काढली गेली, म्हणूनच हे कळू शकले. सुटे हाड पिशवीत घालून आणले असते, तर ते सुटे हाडच राहिले असते.

याच संस्थेच्या अभ्यासकांनी 1958 नंतरच्या काही वर्षांत प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातून एका महाकाय डायनासोरची सुमारे तीनशे हाडे काढली. 1975 मध्ये त्याचे नामकरण झाले, बारापासॉरस टागोरी: मोठ्या पायाचा, आणि रवींद्रनाथांच्या स्मरणार्थ. त्याचा सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे.

या नावांकडे पाहा. हिस्लॉप यांचे नाव आहे, रवींद्रनाथांचे आहे. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु नाल्याकाठी वाट दाखविणाऱ्याचे, दगड फोडणाऱ्याचे, हाडांनी भरलेल्या पेट्या उचलणाऱ्याचे नाव यांपैकी एकाही प्राण्याला नाही. हे कोणी दुष्टाव्याने केले असे आम्ही म्हणत नाही. लेखणी ज्याच्या हाती, नाव त्याचे, एवढेच यातून दिसते. मग उपायही उघड आहे. लेखणी आता आपल्या मुलांच्या हाती आहे.

यावर काही पालक विचारतील, की मुलांना परीक्षा आहेत, नोकरीची चिंता आहे, जुन्या दगडांनी पोट भरते काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर आपल्या बांधीतच आहे. मेरी ॲनिंगच्या लक्षात आले होते, की काही विशिष्ट गोटे इक्थियोसॉरच्या पोटाच्या भागात सापडतात आणि फोडले असता त्यांत माशांची हाडे, खवले निघतात. ते अश्मीभूत शेण होते; विल्यम बकलंड यांनी त्याला कॉप्रोलाइट हे नाव दिले. तसेच कॉप्रोलाइट चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात पिसदुरा येथे विपुल मिळतात. 2005 मध्ये भारतीय आणि विदेशी अभ्यासकांनी त्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण दाखवून दिले. डायनासोरच्या काळात गवत नव्हते, ही समजूत त्यामुळे ढळली. 2011 मध्ये त्यातील काही कण धानाच्या कुळाचे असल्याचे प्रसिद्ध झाले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या शेणात आपण आषाढात रोवतो त्या धानाच्या कुळातील गवताचे कण आहेत. हे ज्या मुलाला कळेल, तो वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाकडे निराळ्या नजरेने पाहील, आणि परीक्षेतही त्याचे काही बिघडणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जागा जाहीर केल्या तर चोर आणि विक्रेते येतील. हे खरे आहे. म्हणून नोंद ठेवणे आणि जाहिरात करणे यांत आम्ही भेद करतो.

आमची सूचना साधी आहे. शाळेच्या विज्ञानकक्षात एक नोंदवही असावी. सुटीवरून येणाऱ्या विद्यार्थ्याने काही वेगळे पाहिले असेल, तर दगड उचलून आणू नये; त्याशेजारी पट्टी किंवा पेन ठेवून छायाचित्र घ्यावे. वहीत गाव, नाला, दिनांक, भोवतीच्या खडकाचा रंग लिहावा, आणि पहिल्या रकान्यात स्वतःचे पूर्ण नाव. ती वही शिक्षकांच्या कपाटात राहावी, आणि महत्त्वाच्या नोंदी वनविभागास व भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणास शाळेच्या पत्राने कळवाव्यात. पत्रात विद्यार्थ्याचे नाव असावे, आणि पुढे कधी त्यावर संशोधन झाले तर ते नाव छापण्याची विनंतीही असावी. याला फार पैसा लागत नाही. वही आणि पहिल्या वर्षाचा टपालखर्च आम्ही माजी विद्यार्थी आनंदाने उचलू.

स्वतः येऊन पाहा, पारखा आणि मग स्वीकारा, ही शिकवण आपण याच आवारात ऐकली. खडकापुढे बसलेल्या मुलाला याहून वेगळे काही शिकवावे लागत नाही.

सिरोंचाच्या आमच्या त्या सोबत्याच्या हाती ही स्मरणिका पडली, तर त्याला एकच विनंती. तो दगड गेला, पण तो ज्या नाल्यात सापडला तो नाला तिथेच असेल. त्याचे नाव आम्हांला कळव. वहीतली पहिली नोंद तुझ्या नावाने करू.