मठाच्या फरशीत जात्याचे दगड



सरंजामशाही म्हटली की शाळेच्या पुस्तकातली उतरंड आठवते. वर राजा, मग सरदार, मग घोडेस्वार योद्धे आणि तळाला कुळे. राजाने जमीन द्यायची, सरदाराने लढाईला माणसे द्यायची. या उतरंडीत आपली ख्रिस्तसभाही होती, आणि ती तळाला नव्हती.

इंग्लंडमधला सेंट ऑल्बन्सचा बेनेडिक्टाइन मठच घ्या. तिथला मठाधिपती हाच जमीनदार. रयतेने मठाच्याच गिरणीत दळायचे आणि दळणापोटी धान्याचा वाटा द्यायचा, असा दंडक होता. तो वाटा वाचावा म्हणून लोक घरी जात्यावर दळत. 1330 च्या सुमारास मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड यांनी घराघरांतली जाती जप्त केली आणि ते दगड मठातल्या बैठकीच्या फरशीत बसवले. (हेच रिचर्ड थोर गणिती, त्यांनी रचलेल्या खगोलीय घड्याळाचे कौतुक आजही होते.)

जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये, तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे, अशी आज्ञा अनुवादाच्या 24 व्या अध्यायात आहे. ती त्या मठात कुणाला ठाऊक नव्हती, हे मला पटत नाही. म्हणून ‘काळच तसा होता’ ही सबब मी मानत नाही. शास्त्र त्या काळीही हेच होते.

1381 च्या शेतकरी उठावात लोक मठात शिरले. त्यांनी ती फरशी उखडली, दगड फोडले आणि एकेक तुकडा वाटून घेतला. रविवारी चर्चमध्ये आशीर्वादित भाकर वाटत, अगदी तशी. हे लिहून ठेवले ते टॉमस वॉल्सिंगहॅम यांनी. ते त्याच मठाचे संन्यासी, बंडखोरांवर कमालीचे चिडलेले. कुणी याला विटंबना म्हणेल. मला त्यात श्रद्धा दिसते. हिरावलेले परत मिळाल्यावर ते सर्वांनी वाटून घ्यायचे, ही रीत ती माणसे चर्चमध्येच शिकली होती.

जुलैत राजा दुसरा रिचर्ड सेंट ऑल्बन्सला आला. 15 जुलैला उठावातले धर्मगुरू जॉन बॉल यांना तिथेच देहदंड झाला. गावचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब फासावर गेला. रयतेला दिलेल्या सनदा रद्द झाल्या आणि मठाचे हक्क मठाकडे परत गेले.