चिलमीवर शिक्का नसतो

माणसाला छंद कशाचा लागेल याचा नेम नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी काडेपेट्या. परवा वाचनात आले की, जुने फ्रेंच पाइप जमवणारेही जगात आहेत. फ्रान्सच्या जुरा या डोंगराळ मुलुखात सँ क्लोद नावाचे गाव आहे. भूमध्य समुद्राकाठी ब्रायर नावाचे झुडूप वाढते. त्याच्या मुळाशी एक टणक गाठ धरते. ती विस्तवाला सहसा दाद देत नाही. १८५० नंतर या गावाने त्या गाठीचे पाइप कोरून जगभर धाडले. पाइपच्या दांडीवर करणाऱ्याचा शिक्का असतो. छांदिष्ट तो भिंगाखाली धरतो आणि पाइप कोणाचा, कोणत्या काळचा हे ताडतो.

वाचता वाचता मला आजोबांची चिलीम आठवली. आमच्या देवळाली प्रवरेत पाटाचे पाणी रात्री-अपरात्री येई. आजोबा कंदील घेऊन उसाचे बारे द्यायला जात. जागरणाला सोबत चिलमीची. कुंभाराने भाजलेली साधी मातीची चिलीम, आत एक खडा, खाली ओल्या फडक्याची छापी. तिच्यावर शिक्का कुठला?

आजोबा खोकल्याने झिजत गेले. तेराव्यानंतर आजीने चिलीम उकिरड्यावर फेकली. मी अडवू लागलो तर म्हणाली, "ज्यानं माणूस नेला, ते घरात कशाला ठेवायचं रे?" मला उत्तर सुचले नाही. आजोबांची चंची मात्र तिने ट्रंकेत जपली आहे. जुन्या लुगड्याचे तुकडे जोडून ती तिनेच शिवली होती.

आजीचा राग खरा आहे. व्यसनाचे गोडवे गाण्यासाठी कोणी काही जपू नये. तथापि व्यसन टाकणे वेगळे आणि वस्तू टाकणे वेगळे. संग्रहालयात तलवारी ठेवतात त्या लढाई चालू राहावी म्हणून नव्हे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास संग्रहाला आरंभ केला. पत्नी कमलाबाईंच्या साथीने त्यांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले आणि १९७५ साली सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. रोजच्या वापरातल्या वस्तूलाही इतिहास असतो, हे त्यांनी दाखवून दिले.

फ्रेंच पाइपची ओळख शिक्का सांगतो. आमच्या वस्तूंची ओळख घरच्या माणसांच्या तोंडी असते. ती माणसे गेली की चंचीची चिंधी होते.

म्हणून मित्रहो, सुटीत घरी जाल तेव्हा मोडीत निघालेली एक तरी वस्तू बाजूला काढा. ती कोणी केली, कोणी वापरली, का टाकली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहा. आपल्या इतिहास विभागाने यासाठी एक कपाट आणि एक वही द्यावी, एवढीच प्राध्यापकांना विनंती.

चंचीची चिठ्ठी मी लिहिली आहे. चिलीम का फेकली, तेही तिच्यात आहे. आजीने सांगितले अगदी तसेच.