प्रेक्षकांची जबानी

चित्रपटगृहातून बाहेर पडणारा सामान्य प्रेक्षक आपल्या सोबत्याशी कथानकाच्या बांधणीविषयी किंवा दिग्दर्शकाच्या शैलीविषयी क्वचितच बोलतो. तो बोलतो एखाद्या प्रसंगाविषयी, आणि तेही बहुधा ‘ते बघितलंस का?’ एवढ्याच शब्दांनी आरंभ करून. या बोलण्यात परिभाषा नसते, शास्त्राधार नसतो, म्हणून आपल्याकडील समीक्षकवर्गाने त्याची गणना नेहमीच फावल्या वेळच्या गप्पांत केली. माझ्या मते हा अन्याय आहे. दोन-अडीच तासांच्या चित्रपटातून नेमका एकच प्रसंग उचलून तो वर्षानुवर्षे मनात वागविणे हा एक निवाडाच असतो, मग तो देणाऱ्यास आपली कारणे सांगता येवोत वा न येवोत.

‘प्रभात’च्या 1936 सालच्या ‘संत तुकाराम’चेच पाहा. दामले-फत्तेलालांनी यांत्रिक चमत्कृतीने घडविलेले तुकोबांचे वैकुंठगमन हे त्या काळी मोठेच नवल होते. तथापि आज तो चित्रपट पाहून उठणाऱ्या माणसास विचारावे, तर तो बहुधा जिजाईचे नाव घेतो. मुलाच्या आजारपणाने संतप्त झालेली ती माउली हातात पायताण घेऊन विठोबाच्या देवळात शिरते, आणि संसाराची सारी कैफियत प्रत्यक्ष देवापुढे मांडते, हे दृश्य त्याच्या मनात रुतून बसलेले असते. भक्ती आणि प्रपंच यांच्या द्वंद्वावर पुढे विद्वानांनी पुष्कळ लिहिले. पण त्या द्वंद्वाचे मर्म कोठे आहे, हे या माणसाने कोणाच्याही मदतीवाचून ओळखलेले असते.

2014 साली महाराष्ट्रात प्रदर्शित झालेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’विषयी जे बोलले गेले, ते मला याहूनही मोलाचे वाटते. गावाच्या डोळ्यांदेखत जब्याचे कुटुंब डुकरामागे धावत आहे, बघ्यांची हसण्यात अहमहमिका लागली आहे, डुक्कर आता हाती येणार, इतक्यात जवळच्या शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, त्याच्या मागोमाग घरची माणसेही थबकतात आणि डुक्कर निसटून जाते. कोणी सांगतो की प्रथम आपण हसलो आणि मग आपल्या हसण्याची लाज वाटली. कोणी सांगतो की आपल्याला हसू आलेच नाही, कारण असे धावणे आपल्या घरातील माणसांच्या वाट्यास आले होते. एकाच दृश्याविषयीची ही दोन मते दोन निरनिराळ्या आयुष्यांतून आलेली आहेत, आणि या दोन आयुष्यांमधील अंतर हाच तर त्या चित्रपटाचा विषय! अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या रोखाने येतो, तेव्हा तो कोणास लागला, या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर मिळत नाही. ते खुर्चीत बसलेल्यांनीच द्यावयाचे असते. त्यांची उत्तरे कोणी टिपून न ठेवल्यास त्या चित्रपटाचा अर्धा इतिहास हरवला, असे मी समजतो.

प्रेक्षकाची स्मृती चुकते, ती प्रसंगात स्वतःची भर घालते, हा आक्षेप खरा आहे. परंतु मूळ प्रत उपलब्ध असेल तर चूक ताडून पाहता येते, आणि स्मृतीने काय गाळले व काय जोडले हाही अभ्यासाचाच विषय ठरतो. दूरदर्शनच्या बाबतीत तर, 1972 साली मुंबई केंद्र सुरू झाल्यानंतर जे कार्यक्रम थेट प्रक्षेपित झाले आणि मुद्रित झालेच नाहीत, त्यांचे पाहणाऱ्यांच्या आठवणीवाचून दुसरे दप्तरच नाही.

पुण्यास 1964 सालापासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तेथे रिळे, भित्तिपत्रके, छायाचित्रे आणि गाण्यांच्या पुस्तिका जिव्हाळ्याने जतन केल्या जातात. त्यांच्या शेजारी प्रेक्षकांच्या जबान्यांनाही एक कपाट मिळावे, असे माझे आग्रहाचे मागणे आहे. हे काम खर्चाचे नाही. गावोगावच्या चित्रपट मंडळांनी आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी मनावर घेतले, तर कोणता प्रसंग आठवतो, तो कोठे आणि कोणाच्या सोबतीने पाहिला, आणि तोच का आठवतो, एवढे विचारून उत्तर बोलणाऱ्याच्याच शब्दांत, त्याची भाषा न सुधारता, नोंदविता येईल.

मात्र या कामास विलंब परवडणारा नाही. ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक काळ चालू असताना जिजाईचे ते पायताण पाहून प्रेक्षागृहात काय घडत असे, हे सांगू शकणारे बहुतेक सारे काळाच्या पडद्याआड गेले. जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’च्या शेवटी, सत्तेचा अखेरचा डाव उमगल्यावर, निळू फुल्यांचा दिगू टिपणीस भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो, ते हसू 1979 साली ऐन विशीत ऐकलेली माणसे आज पासष्टीच्या पुढे आहेत. नोंदीस आरंभ त्यांच्यापासून व्हावा.