पुढचा अध्यक्ष कोण, हे आधीच सांगा

मराठी मंडळाची वार्षिक सभा मस्कतमध्ये कशी होते, ते इथल्या कुणालाही विचारा. बटाटेवडा होतो, हिशेब वाचून मंजूर होतो, आणि 'पुढचा अध्यक्ष कोण?' हा विषय आला की सगळ्यांना अचानक मोबाइल बघायचा असतो. शेवटी मागच्यांनाच 'तुमच्याशिवाय आहे कोण?' म्हणत पुन्हा बसवतात आणि इतिवृत्तात 'बिनविरोध निवड' लिहितात. मी रुवीत राहते, एका कंपनीत हिशेब बघते, मंडळाची खजिनदारीही केली आहे. ही बिनविरोध निवड म्हणजे निव्वळ अंग काढून घेणं आहे, असं माझं स्पष्ट मत झालंय.

महाराष्ट्रात मंडळांची भांडणं खुर्ची न सोडण्यावरून होतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात वर्षानुवर्षं चालतात. इथे दुखणं वेगळं आहे. आपला रहिवास नोकरीला बांधलेला. प्रकल्प संपला किंवा जागा ओमानी उमेदवाराला गेली, की मुलांचे शाळेचे दाखले काढून माणूस बघता बघता परततो. ओळखीच्या एका मंडळाचे अध्यक्ष असेच ऐन गणपतीच्या तोंडावर गेले. मखर कुणाच्या गोदामात, पेणहून मूर्ती कुणामार्फत येणार, सभागृहाला आगाऊ रक्कम दिली की नाही, सगळं त्यांच्या एकट्याच्या फोनमध्ये. व्हॉट्सॲप गटाचे ॲडमिनही तेच! गणपती बसले, पण ती धावपळ आठवली की अजून घाम फुटतो.

या देशाने वारसाचा प्रश्न कसा हाताळला, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. सुलतान काबूस १९७० पासून गादीवर होते. त्यांना मूल नव्हतं आणि वारसाचं नाव त्यांनी बंद लिफाफ्यात ठेवलं होतं. १० जानेवारी २०२० रोजी ते गेले. दुसऱ्या दिवशी लिफाफा उघडला गेला आणि हैथम बिन तारिक सुलतान झाले. सारं शांतपणे पार पडलं. तरीही वर्षभरातच, जानेवारी २०२१ मध्ये, नव्या मूलभूत कायद्याने युवराजपद निर्माण झालं आणि पुढचा वारस कोण, हे सर्वांना आधीच कळू लागलं.

आपल्याला युवराज नकोत, पण आधी कळणं हवं. रोटरीत हे फार जुनं आहे. १ जुलैला नवा अध्यक्ष सूत्रं घेतो, त्याच्या कितीतरी आधी त्याचं नाव ठरलेलं असतं. दरम्यान तो शिकतो, माणसं जोडतो, नोकरीत सुट्टीची सोय लावतो. आपल्याकडच्या तरुण जोडप्यांना आपण सभेतच गाठतो आणि त्यांनी 'वेळ नाही' म्हटलं की नव्या पिढीला आच नाही म्हणून मोकळे होतो.

बायकांचं तर विचारूच नका. हळदीकुंकू, नाटकाच्या तालमी, शंभर माणसांचा महाप्रसाद हे सगळं त्या पार पाडतात, पण अध्यक्षपदाच्या चर्चेत नाव येतं ते त्यांच्या नवऱ्यांचं.

'इथे पुढच्या वर्षी कोण असेल याचा भरवसा नाही, मग आधी ठरवून काय उपयोग?' असं मला ऐकवतात. भरवसा नाही म्हणूनच ठरवायचं. उपाध्यक्ष हाच पुढचा अध्यक्ष, सहसचिव त्याच्या मागे, असा क्रम लावला की एक गेला तरी दुसरा उभा असतो. प्रत्येक पदावर सलग दोन वर्षं पुरे. चाव्या, पासवर्ड आणि कागदपत्रं नेहमी दोघांकडे हवीत. मावळत्या अध्यक्षांनी सल्लागार म्हणून जरूर राहावं, फक्त विचारल्यावर बोलावं. (हे शेवटचं सर्वांत अवघड, हे मान्य.)

येत्या सभेत अध्यक्षाच्या आधी उपाध्यक्ष निवडा. आणि तुमचं नाव सुचलं, तर त्या दिवशी मोबाइल खिशात ठेवा.