मातीचे रेडे आणि नातवाचं प्लेस्टेशन



उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी मुलगा, सूनबाई आणि दहा वर्षांचा नातू पुण्याहून सायखेड्याला आले. डिकीतून आंब्याची पेटी निघेल म्हणून मी पुढे झाले, तर निघालं एक भलंमोठं खोकं. नातू म्हणाला, "दादी, जपून! पीएस फाइव्ह आहे."

प्लेस्टेशन ५ म्हणजे सोनी कंपनीचं टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र. आपल्या देशात ते पहिल्यांदा २ फेब्रुवारी २०२१ ला आलं. त्याचं सडपातळ रूप ५ एप्रिल २०२४ ला दुकानात आलं. तेव्हा डिस्क घालायची सोय असलेलं ५४,९९० रुपयांना होतं, तशी सोय नसलेलं ४४,९९० ला. मुलाने पहिलं घेतलं.

किंमत ऐकून आमच्या ह्यांनी चष्मा काढून ठेवला. आमचं खताचं दुकान आहे. डिसेंबरपासून कांद्याची निर्यातबंदी होती, ती उठली ४ मे ला. तोवर शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही, म्हणून आमची उधारीची वही भरलेली. अशा दिवसांत पंचावन्न हजारांचं खेळणं! मीही बी. कॉम. झालेली बाई, हिशेब मांडल्याशिवाय राहवलं नाही. दोन भावंडं मिळून खेळायची तर दुसरा रिमोट तेव्हा ५,९९० चा होता. नवा मोठा गेम पाच हजारांच्या घरात. दोन गेम धरले की खर्च सत्तर हजारांवर. आपण बघतो यंत्राची किंमत, पण खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. एक मात्र मुलाचं पटलं. डिस्कवाल्याला दहा हजार जास्त पडले, पण खेळून झालेली डिस्क विकता येते, कुणाला देता येते, कुणाची आणता येते. हे शेवटचं पुढे आम्हाला भोवलं, ते सांगतेच.

पहिल्या संध्याकाळी नातवाने रिमोट माझ्या हातात दिला. यंत्रात 'अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम' नावाचा एक खेळ आधीच भरलेला असतो, फुकट. छोटासा यंत्रमानव धावतो, उड्या मारतो, लोंबकळतो. खरं सांगते, मजा आली. पडद्यावर पाऊस पडला की थेंबांची टपटप तळहाताला जाणवते. वाळूवरून चाललं की खरखर वेगळी, बर्फावरून वेगळी. धनुष्य ओढताना बोटाखालचं बटण घट्ट होतं, दोरी ताणल्यासारखं. एके ठिकाणी रिमोटवर फुंकर मारायची होती. साठी उलटलेली मी फू फू करत बसले आणि सूनबाई हसून हसून लोळली. मध्येच लाईट गेली. परत आल्यावर यंत्राने पडद्यावर समज दिली की मला असं बंद करू नका! दुसऱ्या दिवशी ह्यांनीच कुरकुरत ते इन्व्हर्टरला जोडून दिलं.

खेळाशी आपलं वैर नाही, हे आधीच लिहून टाकते. सापशिडी आपल्याकडे ज्ञानबाजी म्हणून खेळली जायची. चौऱ्याऐंशी घरांचा पट, सद्गुणाला शिडी, दोषाला साप, आणि पर्युषणात घरोघरी तो पट मांडला जायचा. ज्यांनी चातुर्मासाचे नियम केले त्यांनीच मुलांच्या हाती कवड्याही दिल्या.

तिसऱ्या दिवशी भाच्याच्या घरून एक डिस्क आली. मी सामायिकला बसले होते. ४८ मिनिटं झाली, पाठ संपवून उठले आणि हॉलमधून आवाज आला, "मारला! डोक्यातच मारला!" आमचा नातू! अंगणात मुंग्या दिसल्या तर कागदावर घेऊन कडेला सोडणारा. पडद्यावर एक माणूस रक्तात लोळत होता आणि रिमोटला हादरा बसत होता. पहिल्या दिवशी ज्या थरथरीने मला पाऊस दाखवला, त्याच थरथरीने गोळीचा धक्काही हातात येतो. डिस्कची डबी उलटून पाहिली. कोपऱ्यात आकडा होता १८.

मी टीव्ही बंद केला. नातू रुसला. मुलगा म्हणाला, "आई, यात एकही जीव मरत नाही. तुझ्या गॅसच्या शेगडीवर याहून जास्त मरतात."

खोटं नव्हतं ते. घर चालवायचं तर आरंभी हिंसा चुकत नाही. पण मी गॅस पेटवते ती कुणाला मारायला नाही. तिथे जीव मरतो आणि मनाला रुखरुख राहते. इथे कुणीच मरत नाही, पण मारायचा आनंद होतो. आपल्या शास्त्राने मोजमाप कशाचं सांगितलं आहे, तुम्हीच आठवा.

मला कालसौकरिक कसाई आठवला. महाराजसाहेबांच्या व्याख्यानात तुम्हीही ऐकला असेल. रोज पाचशे रेडे मारणारा. श्रेणिक राजाने ठरवलं, एक दिवस तरी याची हिंसा थांबवायची. त्याला विहिरीत सोडलं. ना शस्त्र, ना जनावर. राजाला वाटलं, झालं काम. पण त्याने तिथल्या चिखलाचे रेडे केले आणि एकेक करत पाचशेच्या पाचशे मारले. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी भगवंतांनी सांगितलं की हिंसा थांबली नाही. भावाने ती झालीच.

लहानपणापासून ही गोष्ट मी ऐकतेय, पण मातीच्या रेड्यांना कोण मारत बसेल, असंच वाटायचं. त्या दुपारी उत्तर समोर दिसलं.

पण नातू काही कमी नाही. म्हणाला, "दादी, बुद्धिबळात तू माझा उंट मारतेस, तेव्हा?" मी जरा अडकले. रात्रभर विचार केला आणि सकाळी त्यालाच विचारलं, "तुला मजा कशात येते?" उंट मारला तेव्हा मला डाव सुचल्याची मजा येते. उंट ओरडला असता, रक्त आलं असतं, तर माझी मजा गेली असती. तुझ्या त्या खेळातून रक्त आणि किंकाळी काढून टाकली तर तो तुला खेळावासा वाटेल का? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "थोडा कमी." मला तेवढं प्रामाणिक उत्तर पुरे होतं.

मैत्रिणींनो, असे खेळ खेळून मुलं पुढे हिंसक होतात की नाही, या वादात मला पडायचं नाही. उद्या तो कुणाला मारेल ही माझी भीती नाहीच. आज त्या तासाभरात त्याच्या मनाचा भाव काय होता, एवढंच मी बघते. आणि माझा हिशेबही त्यातच आहे. करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, तिन्हींचा दोष आपण मानतो. पाच हजारांची डिस्क दहा वर्षांच्या हातात देणारे आपणच. पोरगं शांत बसलंय, आपलं काम उरकतंय, म्हणून आपण दार लोटून घेतो. सामायिकात बसलेली मीही त्यातलीच होते.

बंदी घालायची का? माझं मत नाही असं आहे. विहिरीत सोडून कसाई सुधारला नाही, तर खोकं माळ्यावर टाकून नातू कसा सुधारेल? तो भाच्याकडे जाऊन खेळेल. त्यापेक्षा शेजारी बसा. डबीवरचा आकडा वाचा. ३, ७, १२, १६, १८ असे युरोपातल्या पद्धतीचे वयाचे आकडे असतात. स्पायडरमॅनचं चित्र बघून आपल्याला वाटतं लहान मुलांचं असेल, पण त्याच्यावर १६ आहे. गाड्यांच्या शर्यतीच्या ग्रान तुरिस्मोवर ३. यंत्रात मुलाच्या नावाचं वेगळं खातं उघडून वय, रोजचा वेळ आणि खर्च यांची मर्यादा घालता येते. त्याचा गुप्त आकडा मुळात चार शून्य असतो, तो आधी बदला. आमच्याकडे हे सगळं सूनबाईने अर्ध्या तासात केलं, आणि रोज एक तास ठरला.

कालसौकरिकाच्या गोष्टीचा पुढचा भाग नातवाने स्वतःहून विचारला. "त्याच्या मुलाने काय केलं?" मुलाचं नाव सुलस. बाप गेल्यावर नातेवाईक म्हणाले, धंदा चालव, पाप आम्ही वाटून घेऊ. सुलसाने कुऱ्हाड स्वतःच्याच पायावर मारली आणि म्हणाला, आधी हे दुखणं वाटून घ्या. कुणालाच घेता आलं नाही.

"म्हणजे मी खेळलो तर मलाच लागणार, तुला नाही?" नातवाने विचारलं.

"तुला तुझं, आणि आणून दिलं म्हणून मला माझं," मी म्हटलं.

ती डिस्क त्याने स्वतः भाच्याला परत केली. स्पायडरमॅनचा हट्ट मात्र अजून चालू आहे. "तो तर लोकांना वाचवतो, दादी!" यावर आमची चर्चा अर्धवट राहिलीय. तुमच्या घरी काय ठरलं, जरूर कळवा. मला दिवाळीच्या सुट्टीपर्यंत उत्तर तयार ठेवायचं आहे.