दिव्याखालचा अंधार

पूर आला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे पाण्यात उतरतात. एक सरकारी नोकर आणि दुसरा सेवाभावी संस्थेचा कार्यकर्ता. जुलै 2021 मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, त्याच सुमारास इकडे सत्तरी-डिचोलीत घरे कोसळली, तेव्हा ही दोन्ही माणसे खांद्याला खांदा लावून राबली. पाणी ओसरले आणि त्यांच्या वाटा निराळ्या झाल्या. सरकारी नोकराच्या पाठीशी सेवानियम असतात, रजा असते, गाऱ्हाणे मांडावयास संघटना असते. संस्थेच्या पगारी कार्यकर्त्याच्या पाठीशी काय असते? बहुधा एक शाल, एक श्रीफळ आणि अकरा महिन्यांचा करार.

एकेकाळी हा प्रश्न आठ-दहा वर्षांतून एकदा डोके वर काढी. आता तसे राहिलेले नाही. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळाने आमची किनारपट्टी झोडपली. मार्च 2023 मध्ये, ऐन शिगम्याच्या दिवसांत, उष्म्यामुळे गोव्यातील शाळा दुपारच्या आत सोडाव्या लागल्या. हवामानबदल हा आता केवळ शास्त्रज्ञांच्या परिषदांतील विषय उरलेला नाही. भर उन्हात वाडीवाडीवर फिरून औषधे वाटणाऱ्या माणसाच्या कामाच्या अटींचा तो विषय झाला आहे. आणि कामाच्या अटी हेच तर कामगार संघटनेचे मूळ कार्यक्षेत्र. एवढे मान्य केले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. ज्या संस्था हवामानबदलाने पोळलेल्यांसाठी झटतात, त्यांच्या स्वतःच्या नोकरांना संघटित होऊन आपल्या सुरक्षिततेविषयी बोलता येते काय?

कायद्याचा प्रवास या बाबतीत उलट्या दिशेने झाला आहे. 1978 मध्ये बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठातर्फे निर्णय देताना धर्मादाय संस्थांचाही विचार केला होता. केवळ भक्तिभावाने विनावेतन सेवा जेथे चालते तो उद्योग नव्हे. पण जेथे माणसे पगारावर राबतात, तेथे चालकांचे अंतःकरण कितीही उदार असले तरी कायद्याच्या दृष्टीने तो उद्योगच, असा त्या निर्णयाचा आशय होता. 1982 मध्ये संसदेने ही व्याख्या आकुंचित करणारी दुरुस्ती केली. ती कधीच अमलात आली नाही. परंतु 21 नोव्हेंबर 2025 रोजी औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आणि धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवेत पूर्णतः किंवा मुख्यत्वे गुंतलेल्या संघटनांच्या संस्था उद्योगाच्या व्याख्येबाहेर गेल्या. संघटना स्थापण्याचा घटनादत्त हक्क कोणी हिरावून घेतलेला नाही, हे खरे. पण गाऱ्हाणे औद्योगिक विवाद म्हणून न्यायाधिकरणापुढे नेण्याची वाटच बुजली, तर तो हक्क कोनाड्यातील मूर्तीसारखा केवळ पूजेपुरता उरतो.

सेवा आणि संघटना यांचे वैर असते, हा समज या तरतुदीच्या मुळाशी आहे. तो खोटा ठरविणारे उदाहरण शेजारच्या गुजरातेतच आहे. गांधीजी आणि अनसूयाबेन साराभाई यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या अहमदाबादच्या मजूर महाजनातून इला भट्ट यांनी 1972 मध्ये 'सेवा' ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना नोंदविली. ज्यांना मालकच नाही त्यांची कसली कामगार संघटना, असा आक्षेप तेव्हाही घेण्यात आला होता. तीच संघटना आज हवामानबदलाशी दोन हात करीत आहे. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकविणाऱ्या तिच्या सभासद स्त्रिया खर्चिक डिझेल पंप सोडून सौरपंपांकडे वळल्या. 2023 मध्ये 21,000 सभासदांसाठी उष्म्याचा विमा सुरू झाला. तापमानाने ठरलेली मर्यादा ओलांडली की बुडालेल्या रोजगारापोटी रक्कम द्यावयाची, अशी ही योजना. पुढच्या वर्षी ही संख्या 50,000 च्या घरात गेली आणि त्या उन्हाळ्यात बहुतेकींच्या हाती पैसे पडले. या विम्याच्या हप्त्याला धर्मादाय निधीचा हातभार लागला, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. दान तेथेही होते; पण ते स्वीकारणाऱ्या स्त्रिया सभासद म्हणून उभ्या होत्या, याचक म्हणून नव्हे.

ब्रिटनमध्ये युनाइट आणि युनिसन या बड्या संघटनांत धर्मादाय संस्थांतील नोकरांनाही स्थान आहे. सप्टेंबर 2019 मध्ये शाळकरी मुलांच्या हवामान आंदोलनाला पाठिंबा म्हणून तेथील ट्रेड युनियन काँग्रेसने कामाच्या दिवशी 30 मिनिटांच्या कार्यक्रमाची हाक दिली. अर्धा तास म्हणजे फार मोठा पराक्रम नव्हे. पण पृथ्वीचा ताप हा कामगाराच्या अजेंड्यावरील विषय आहे, एवढे त्या अर्ध्या तासाने नोंदविले.

आमच्या संस्थाचालकांचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. पैसा नाही, असे ते म्हणतील. आणि त्यात तथ्य नाही असे नव्हे. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 2020 मध्ये 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली गेली. देशातील दात्यालाही आपला रुपया थेट गरिबाच्या ओंजळीत पडलेला हवा असतो. तो पोहोचविणाऱ्या हाताची त्याला आठवण नसते. पण पूरग्रस्तांसाठी होडीचा खर्च अंदाजपत्रकात बसतो आणि त्या होडीतील कार्यकर्त्याचा विमा मात्र बसत नाही, याला काटकसर म्हणत नाहीत. ज्याच्या श्रमावर दान उभे आहे त्याच्याकडूनच सक्तीने घेतलेले ते दान आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. संसदेने ही व्याख्या पुन्हा तपासावी. तोवर संस्थांनी कायद्याच्या पळवाटेचा आसरा न घेता आपल्या नोकरांच्या संघटनेला आपण होऊन मान्यता द्यावी. उन्हाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यापूर्वी तिच्याशी बसून कामाच्या वेळा, विसावा, पाणी, साधने आणि विमा ठरवावा. दात्यांनी हा खर्च सेवेचाच भाग मानावा. आणि नोकरांनीही त्यागाच्या स्तुतीने भुलून गप्प बसू नये. हक्क कोणाच्या औदार्याची वाट पाहून मिळत नसतात, हे गोमंतकाला तरी निराळे सांगावयास नको. इतरांच्या अंगणात दिवे लावणाऱ्या संस्थांनी आपल्या दिव्याखाली एकदा पाहावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.