पोळी टाकली म्हणजे कुत्रा पाळला असे होत नाही

दिवाळी झाली की यवतमाळच्या गल्लीबोळांत कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. त्याच सुमारास रुग्ण हमखास एक प्रश्न विचारतात. “डॉक्टर, पोरं ऐकत नाहीत, एक पिल्लू आणू का घरी? काही आजार तर होणार नाही ना?”

माझे उत्तर असे आहे : आणा. विकत घेण्यापेक्षा प्राण्यांच्या निवाऱ्यातले किंवा रस्त्यावरचे अनाथ पिल्लू आणा. पण आणायचे तर पूर्ण पाळा. पिल्लू पूर्ण पाळले तर घरात आजाराची भीती फार थोडी. अर्धवट पाळलेला कुत्रा मात्र तुमच्या घराला आणि गल्लीलाही धोका आहे.

अर्धवट पाळणे म्हणजे काय?

आपल्याकडे बहुतेक गल्ल्यांत एक मोत्या किंवा टॉमी असतो. चार घरांतून त्याला शिळी पोळी मिळते. मुले त्याच्याशी खेळतात, रात्री तो राखण करतो. पण त्याच्या गळ्यात पट्टा नाही, लस टोचलेली नाही, नसबंदी झालेली नाही. पोळीच्या वेळी तो सगळ्यांचा, लशीच्या वेळी कोणाचाच नाही. त्याने कोणाला चावले की प्रत्येक जण म्हणतो, “आमचा नाही तो.”

आपल्या लोकांत कुत्र्याविषयी माया कमी नाही. पुसद, उमरखेडकडची माणसे माहूरला दत्तशिखरावर जातात. दत्ताच्या पायाशी चार श्वान असतात, हे लहान मुलालाही ठाऊक असते. या मायेला जबाबदारीची जोड मिळाली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

“लहान पिल्लू आहे, त्याला कुठला रेबीज?”

हा सर्वांत घातक गैरसमज आहे. जून 2025 मध्ये उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यात एका तरुण कबड्डीपटूचा रेबीजने मृत्यू झाला. नाल्यात पडलेले पिल्लू वाचवताना ते त्याच्या बोटाला चावले होते. जखम किरकोळ वाटली, म्हणून लस घेतली गेली नाही.

रेबीजची लक्षणे सुरू झाल्यावर रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. पण चावल्यानंतर वेळेवर आणि पूर्ण उपचार घेतले तर हा आजार टाळता येतो. जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे रेबीजने दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतील साधारण 40 टक्के 15 वर्षांखालील मुले असतात. मुले कुत्र्याच्या तोंडाजवळ तोंड नेतात आणि ओरखडा निघाला तरी घरी सांगत नाहीत. म्हणून पिल्लू घरात येण्याआधी मुलांना एक गोष्ट पक्की सांगा : दात लागला, नख लागले, जखमेवर चाटले, तर लगेच सांगायचे. सांगितल्यावर त्यांना रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ती लपवतील.

पिल्लू चावले तर

1. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम 15 मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण 15 मिनिटे आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरीच मोठी असतात.
2. हळद, तिखट, चुना, तेल, तंबाखू यांतले काहीही लावू नका.
3. त्याच दिवशी दवाखान्यात जा. सरकारी रुग्णालयात साधारणपणे दोन्ही दंडांच्या त्वचेत लस देतात : पहिला दिवस शून्य धरून 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. दंडाच्या स्नायूत घ्यायची असेल तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. पोटातली चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत. त्या भीतीने घरी बसू नका.
4. जखमेतून रक्त आले असेल तर लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. लशीचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, तोवर ते संरक्षण देते.
5. पिल्लावर 10 दिवस लक्ष ठेवा, पण त्यासाठी लस थांबवू नका. दहा दिवसांनी पिल्लू ठणठणीत असेल तर पुढचे डोस घ्यायचे की नाही, ते डॉक्टर सांगतील.

गरोदर बाईला किंवा अंगावर पाजणाऱ्या आईलाही ही लस देता येते.

पहिल्या चार महिन्यांत काय कराल?

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नका. आईजवळ आणि भावंडांत राहिलेले पिल्लू दात किती रोवायचा हे खेळता खेळता शिकते.

घरी आणलेत की पहिली फेरी पशुवैद्यकीय दवाखान्याची. जिल्हा परिषदेचे दवाखाने प्रत्येक तालुक्यात आहेत आणि ते फक्त गायी-बैलांसाठी नाहीत. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी सुरू होतात. चार महिन्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस असतो. रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर, त्यानंतर पशुवैद्य सांगतील तेव्हा पुन्हा. लशीचे कार्ड बनवून घ्या आणि मुलांच्या लसीकरण कार्डाशेजारी ठेवा.

जंतांचे औषध विसरू नका. बहुतेक पिल्लांना गोल जंत आईकडूनच मिळतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत मिसळतात आणि दोन ते चार आठवड्यांत संसर्ग करण्याजोगी होतात. अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या हातातून ती पोटात गेली तर यकृताला, क्वचित डोळ्यालाही इजा होते. उपाय साधे आहेत : पिल्लाची घाण रोजच्या रोज उचला, जेवणाआधी हात साबणाने धुवा, अंगणात अनवाणी फिरू नका. पिल्लाच्या अंगावर गोचीड, पिसवा किंवा खरूज दिसली तर माणसाचे मलम लावू नका, पशुवैद्याला दाखवा.

गावठीच का?

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो. चपट्या नाकाच्या पगला किंवा दाट केसांच्या हस्कीला त्या उन्हात ठेवणे म्हणजे छळ आहे. गावठी कुत्रा या हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला आहे. तरी त्यालाही सावली आणि दिवसभर पाणी लागतेच.

आपल्या जवळपास निवारा नसेल तर शेजारच्या वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) येथे ‘पीपल फॉर अ‍ॅनिमल्स’चे करुणाश्रम आहे. नगरपालिकेकडेही चौकशी करता येते. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात, स्थानिक पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेण्याची मुभा दिली आहे. अट एकच : दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. मला ही अट फार योग्य वाटते.

कोणी आणू नये?

कुत्रा बारा-चौदा वर्षे जगतो. मुलगा दहावीला गेला, बदली झाली, घरी पाळणा हलला, तरी तो असणारच. एवढ्या वर्षांची तयारी नसेल तर मुलांच्या हट्टापायी आणू नका. घरात कोणाला दम्याचा जास्त त्रास असेल, किंवा केमोथेरपीसारखे प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार सुरू असतील, तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

आणि जे आणणार नाहीत त्यांनी?

गल्लीतल्या कुत्र्याला लस द्या. परिसरातल्या 70 टक्के कुत्र्यांना लस दिली तर रेबीजची साखळी तुटते. गोव्याने हे करून दाखवले. घराघरांतल्या आणि रस्त्यांवरच्या कुत्र्यांना सातत्याने लस दिल्यावर 2018 ते 2020 या तीन वर्षांत तिथे माणसाला रेबीज झाल्याची एकही नोंद झाली नाही. 2021 मध्ये सरकारने राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले.

तुमच्या गल्लीतल्या मोत्याला चार घरे जेवू घालत असतील, तर त्याच चार घरांनी वर्षातून एकदा वर्गणी काढावी, त्याला लस टोचून आणावी आणि गळ्यात पट्टा घालावा. एवढे केलेत की तो खरोखर तुमचा झाला. मग त्याला पोळी खुशाल घाला.